जिन्यावरची पावलं

सोमवार, ४
गुडघा बरा. खोकला आहे तिथंच आहे. खालच्या शिंपीणबाईंचा ताप उतरला. नात दोन घास जास्त जेवली. एकंदर घर ठीक.

बांधणीला आलेली पुस्तकं शिवत बसले होते. नात दाराशी उभी. म्हणाली, "पोस्टमन. भांडून आलाय." दार उघडलं तर तो खरंच फणफणत होता. सहा वर्षांची पोर! शिंपीणबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. चार माणसं जिना चढली, चौघांचीही मनं हिनं दार न उघडता, नुसत्या पावलांवरून सांगितली. मी आपली कौतुकानं फुगले.

मंगळवार, ५
डॉक्टरीणबाई त्यांची बांधलेली पुस्तकं न्यायला आल्या. त्यांना पोरीचा गुण सांगितला. हसल्या नाहीत. "आजी, हा गुण नव्हे. इतक्या लहान वयात रोज माराची भीती असली की मेंदू तसाच घडतो. पहाऱ्याचा भाग तेवढा सतत जागा, बाकीच्याला वाढायला उसंतच नाही."

"मार खाऊन कोण बिघडलंय?" मी म्हटलं. त्यांनी पुस्तकं उचलली आणि निघाल्या.

गुरुवार, ७
पोर बापाकडे परत द्यायची की नाही, ते सोमवारी बालकल्याण कचेरीत ठरायचंय. माझ्या शब्दावर अडलंय. 'द्या' असं पत्र लिहून ठेवलं. लेक तर गेली, बाप तरी असावा. मी काय, पिकलं पान.

शुक्रवार, ८
भर दुपारी जावई भेटायला आला. जिन्यात लख्ख ऊन. नात शिवणीचा दोरा धरून बसली होती, एकदम थांबली. "बाबा. हसत येतायत."

मला बरं वाटलं. वळून बघते तर दोरा जमिनीवर, पोर नाही. कागदांच्या कपाटात सापडली — सगळ्यांत खालच्या कप्प्यात, घडी घालून ठेवल्यासारखी. डोळे उघडे, पापणी हलेना. श्वास चाललाय की नाही, तेही कळेना.

"आई, कुठं गेली माझी बाहुली?" जावई दारात. आवाज गोड, हातात खेळणं.

"शिंपीणबाईंकडे," मी म्हटलं. का खोटं बोलले, माझं मला ठाऊक नाही.

तो गेल्यावर तिला विचारलं, "अगं, हसत होते ना?"

"हसत आले की मारतात," म्हणाली. नळाला पाणी आलंय, असं सांगावं तसं.

शनिवार, ९
पत्र पाकिटातच. चिकटवायला हात धजत नाही.

रविवार, १०
सहज विचारलं, "आणि माझी पावलं कशी ओळखतेस गं?"

"तुझी वाजतच नाहीत, आजी. माझ्यासारखीच." मग वर न बघता — "तुला कोण मारायचं?"

अडुसष्ट वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"माझे वडील," म्हटलं. तिनं मान हलवली, माहीतच असल्यासारखी.

पत्र फाडलं. उद्या 'नाही' सांगणार.