कमीत कमी वजन

बाबा, उद्या अकरा वाजता माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आहे आणि मला फार भीती वाटते आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे दुसऱ्या कोणाला सांगवत नाही. आई पोळी वाढता वाढता विचारते, "काहून वं, जेवून राहिली का ताटाकडे पाहून राहिली?"

एका दूरच्या ताऱ्याभोवती दोन ग्रह आहेत. ते कोट्यवधी वर्षं असेच फिरतील का, याचं गणित मी संगणकावर चालवते. सगळं त्यांच्या वस्तुमानावर, म्हणजे तुमच्या भाषेत वजनावर अवलंबून आहे. ग्रह दिसत नाहीत. त्यांच्या ओढीनं तारा किती डुलतो त्यावरून वजन काढतात, आणि तेही कमीत कमी. खरं वजन त्याहून बरंच जास्त असू शकतं. मी कमीत कमीच धरलं आणि प्रबंधात लिहून टाकलं, हे ग्रह टिकतात.

मी दहाची असेन. मागावर लुगडं आहे, काठाच्या धाग्यांना ताण देणाऱ्या दगडाची दोरी तुटते, दगड पडून फुटतो, तुम्ही सूत आणायला गेलेले. मी अंदाजानंच दुसरा दगड बांधते. हात-दोन हात कापड छान उतरलं. मग तो काठ आवळत गेला, चुण्या पडल्या, धागे तटातट तुटू लागले. तुम्ही मारलं नाहीत. म्हणालात, "भारी दगड पहिल्या हातात कळत नाही वं. कळते तवा लुगडं गेलं असते. मले विचाराचं होतं." दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली होती.

उद्या कोणी विचारलं, "वजन दुप्पट धरलं तर?" माझे मार्गदर्शक सर म्हणतात, एवढ्या खोलात कोणी जात नाही. म्हणजे झाकली मूठ. सात वर्षं गेली यात, कॉलेजातली नोकरी कायम होणं यावरच आहे.

हे पत्र कपाटात जाईल, म्हणून लिहिते. दुप्पट वजन धरून मी एकदा गणित चालवलं होतं, बाबा. लाखो वर्षं सगळं ठीक होतं, मग लहान ग्रहाची कक्षा लांबत गेली आणि मोठ्यानं त्याला बाहेर फेकून दिलं. ती फाइल मी पुसली. आज सकाळी देवाजवळ दिवा लावला आणि हा प्रश्न कोणी विचारू नये, एवढंच मागितलं.