निसटलेली कोंबडी

अण्णा, काल मी तांबडी कोंबडी कापली. तुमच्याजवळ बसून हे काम शिकले होते, पण तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी आलं नव्हतं. इथे नाशिकला घरामागे अंड्यांपुरत्या चार कोंबड्या पाळते, एवढंच. काल दुपारी गल्लीतलं कुत्रं कुंपणाच्या फटीतून शिरलं आणि तिची पाठ फाडून गेलं. ती धुण्याच्या दगडामागे जाऊन बसली. पाण्याची वाटी पुढे केली तरी चोच लावेना. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ही काही वाचायची नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याला द्या ना, दोन मिनिटांत करतो तो." तो कसा करतो ते मी पाहिलं आहे. पाय धरून उलटी लटकवतो आणि तडफडत असतानाच पिंपात टाकून देतो.

तुम्ही कोंबडीचे पाय कधी बांधले नाहीत. इगतपुरीला आपल्या रेल्वे क्वार्टरच्या मागे खुराडं होतं. कोंबडी कापायची असली की तुम्ही आदल्या संध्याकाळीच सुरीला धार लावता, तिला दाणे देत नाही, पाणी मात्र ठेवता. उजाडायच्या आत, ती पेंगत असतानाच अलगद काखेत घेता. बाकीच्यांना दिसणार नाही अशा बाजूला न्हाणीमागे बसता, पंख पोटाशी दाबून धरता, डोळ्यांवर तुमचा जुना पंचा टाकता. मी शेजारी बसलेली असते. एकदा माझे डोळे भरून आले तेव्हा तुम्ही रागावलात. "दया यायची असंल तर सुरी उचलायच्या आधी येऊ दे. मधीच आली तर हात थरथरतो, आन हाल तिचे होतात." एकाच घावात मान, आणि मग ती पार थंड होईपर्यंत तुम्ही तिला खाली ठेवत नसायचात. आई आतून ओरडायची, "अहो, पाणी उकळून चाललंय!" तरी तुम्ही उठत नसायचात.

आणि तुमचा तो एक नियम होता. हातातून निसटली तर तिच्यामागे धावायचं नाही, त्या दिवशी तिला सोडायचं. पळवलेल्या कोंबडीचं काळीज धडधडत असतं, तसं तिला मारू नये, म्हणायचात. नांदगावचे मामा मुक्कामाला आले होते आणि कोंबडी निसटून थेट कौलांवर जाऊन बसली, तो दिवस आठवतो. आईने पिठलं टाकलं. मामा ताटाकडे बघून म्हणाले, "दाजी, कोंबडीची रजा मंजूर केली वाटतं?" तुम्ही म्हणालात, "केली. रेल्वेत पण मिळती एक दिवसाची. उद्या ड्युटी." मामांना हसता हसता ठसका लागला.

काल तांबडीही निसटली. मी दोन्ही हातांनी उचलली, तर अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून सुटली आणि फरफटत परत दगडामागे गेली. शेजारी ठेवलेली सुरी मी बाजूला सारली. तुमचा नियम मोडायचा नाही, असंच पहिल्यांदा मनात आलं. मग तिच्याकडे पाहत बसले. जखमेवर माश्या बसत होत्या. आज सोडली तर तिला तशीच रात्र काढावी लागणार होती.

आणि मला तुमचा दवाखाना आठवला. नळी ओढून काढाल म्हणून तुमचे हात पलंगाला बांधले होते. तुम्ही मला म्हणालात, "सोड गं." मी नर्सला विचारलं. ती बिचारी चांगली होती, पण म्हणाली, नाही सोडता येणार. भेटायची वेळ संपली म्हणून आम्हाला बाहेर बसवलं. रोज सकाळी डॉक्टर सांगायचे, रात्र निघाली. आम्हाला बरं वाटायचं. तुम्हाला कसं वाटत होतं, ते विचारायची सोय नव्हती. मग एका दुपारी आम्हाला आत बोलावलं, तोवर हात सोडलेले होते.

मी तिच्यामागे धावले नाही. दगडाजवळच खाली बसले. बऱ्याच वेळाने तिची मान खाली आली, तेव्हा तिला मांडीवर घेतलं आणि डोळ्यांवर ओढणी टाकली. दुसऱ्यांदा तिने धडपड केली नाही. तुमचा नियम मी मोडला, अण्णा. हात थरथरला नाही. पंखांची फडफड थांबली, मग पाय थांबले, तरी मी तिला धरूनच बसले होते. ओढणी ओली झाली होती.

वहिनी जिन्यात उभ्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही मघापासून अण्णा, अण्णा म्हणताय. कोण अण्णा?" मी बोलत होते हेच मला ठाऊक नव्हतं. हा कागद मी कुठे पाठवणार नाही, पण त्यांना दिलेलं उत्तर तुमच्यापासून लपवून ठेवावंसं वाटत नाही. मी म्हटलं, "कोणी नाही."