इराने टाकलेला नांगर

१२ डिसें., झिरकपूर
इरा सुखरूप पोचली गावी, दादाकडे. इथल्या सुखना तलावावर शीड सांभाळायला शिकल्यापासून लेक हवेतच आहे. आता मामाची होडी! दादा याच शिडाच्या होडीतून लोकांना खाडीतले पक्षी दाखवतो. फोनवर बजावलं, "सगळं तिला करू दे. मध्ये लुडबुड नको." हसला. "बरं बाई."

१४ डिसें.
दुपारी लॅबमध्ये इराचा फोन. "मम्मा, बोट वहाँ नहीं है. मामा अंदर सो रहे थे."
आधी कळेचना. ओहोटीला कांदळवनाजवळ थांबले, नांगर इरानेच टाकला. दादा होडीत लवंडला, ही ओळखीच्या होडीवाल्याबरोबर गावात वडे आणायला. रमली. परत येते तर खाडी तुडुंब, होडी गायब.
"दोरी किती सोडलीस?"
"जितना पानी था, उससे थोड़ी ज़्यादा. सुखना पे तो..."
सुखनाला भरती येत नाही. पाणी चढलं, दोरी अपुरी पडली, नांगर सुटला.

संध्याकाळी
होडी सापडली. उलटी. दादा नाही. देवा.

१५ डिसें.
सापडला!! कांदळवनाच्या मुळ्या धरून रात्रभर चिखलात. खांदा निखळलाय, पण जिवंत. मी कॅन्टीनमध्येच भोकाड पसरलं. शेजारच्या टेबलावरच्या कौरजी पाठ थोपटत, "हुण क्यों रोंदे हो जी, मिल तां गए!" सापडलाय, आता कशाला रडता, म्हणाल्या.

१७ डिसें.
हे काय ऐकतेय मी! दादाने गावभर सांगितलंय, "नांगर मीच टाकला, भरतीचा अंदाज चुकला." लोक म्हणतात, म्हातारा झाला, याच्या होडीत कोण बसणार? रविवारचे पाहुणे दुसऱ्याकडे गेलेसुद्धा. जन्म खाडीत काढलेला माणूस!
फोनवर झापलं. तर म्हणतो, "पोरगी शिकतेय. पहिल्याच फेरीत तिच्या नावाला बट्टा कशाला? तू गप्प बस. मध्ये लुडबुड नको."
माझेच शब्द.

१८ डिसें.
इराचा फोन. मामाने शपथ घातलीय, तोंड उघडायचं नाही. "मम्मा, मैं सबको सच बता दूँ?"
हो म्हणवेना. नाही म्हणायची लाज वाटली.
"थांब, मी येते," एवढंच म्हटलं.
सकाळपासून विमानाच्या तिकिटाचं पान उघडून बसलेय. तिकीट अजून काढलेलं नाही.