डोंग्याचा नंबर

मनीषनगर, नागपूर
रविवार दुपार

प्रिय बाबा,

मी फोन केला की तुम्ही तो आईच्या हातात देता आणि अंगणात जाळं शिवायला जाऊन बसता. चार महिने झाले याला. आई म्हणते, तुझा बाप तुझ्याशी मनातल्या मनात बोलून राह्यला. मनातलं मला नागपुरात ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहून राहिले. आईला वाचता येत नाही, तेव्हा हे तुम्हालाच वाचावं लागेल. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही, तो खिडकीत पंचांगामागे असतो. रागवायचं ते वाचून झाल्यावर रागवा.

भांडण कशावरून झालं ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. मी माझ्या एकटीच्या वल्ह्याच्या होडीची, कयाकची, नोंदणी केली, नंबर घेतला आणि तुमच्या लाकडी डोंग्यालाही घ्या म्हटलं. तुम्ही साऱ्या मच्छीमार सोसायटीसमोर म्हणालात, पोरगी नागपूरले जाऊन सायेब झाली, बापाच्याच तलावात बापाले अर्ज कराले लावते. तुमचं अगदीच खोटं नाही बाबा. ज्या पाण्यावर आपल्या धिवरांच्या पिढ्या जगल्या, तिथे टेबलामागच्या माणसाला कार्ड दाखवून होडी माझीच आहे असं पटवायचं, हे मलाही टोचलं. तालुक्याच्या त्या होड्यांच्या नोंदणीच्या ऑफिसात मी तीन चकरा मारल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा माझ्याकडे पावती नव्हती, आणि तिसऱ्यांदा कयाक म्हणजे काय हेच बाबूला कळेना. मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा म्हणाला, हा तं प्लास्टिकचा डोंगाच होय ना मॅडम, आणि फॉर्मवर तसंच लिहून टाकलं. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता.

माझ्या फजितीवर एकदा हसलात तुम्ही, आईने सांगितलं मला. नंबर मिळाल्यावर मी तो कयाकच्या माथ्यावर, पुढच्या टोकाला, ऑइलपेंटने चांगला वीतभर रंगवला होता. दुसऱ्या दिवशी ती नंबर लावून पहिल्यांदा पाण्यात उतरायची, म्हणून आईने आपल्या रिवाजाप्रमाणे पहाटेच जाऊन देवीच्या नावाने तेल-शेंदूर लावला. तुमच्या डोंग्याला ती टिळ्यापुरता लावते. इथे पोरगी स्वतःची होडी घेऊन जाते या काळजीने तिने सगळा माथाच माखून ठेवला. नेमकी त्याच दिवशी तपासणी. साहेबाला शेवटचा आकडा तेवढा दिसला. नंबर वाचता येत नाही म्हणून माझी कयाक आठ दिवस काठावर पालथी पडून होती. मला इतका राग आला होता की मी रडले. पण हुज्जत घातली नाही. राकेलने शेंदूर पुसला, नंबर पुन्हा रंगवला आणि आईला सांगितलं, यापुढे देवाचं आतल्या बाजूला, सरकारचं बाहेरच्या. तेव्हापासून ती बसायच्या जागेजवळ शेंदराचं बोट टेकवते. देवी काही रुसलेली दिसत नाही.

आता कामाचं. जूनपासून त्याच ऑफिसाने मला कंत्राटावर घेतलं आहे. आईने सांगितलं असेल, किंवा तुम्हाला भिऊन सांगितलं नसेल. आपल्या भागातल्या चार तलावांवर जायचं, होड्या तपासायच्या, नोंद करायची. नियम मोजकेच आहेत. नंबर हवा, माणशी एक जाकीट हवं, ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त घ्यायचा नाही आणि दिवस बुडाला की पाण्याबाहेर यायचं. लोक टिंगल करतात. एक मनोहरराव आहेत, सत्तरीचे, ते म्हणाले जाकीट घालून जाळं फेकताच येत नाही. मी त्यांच्यासमोर जाकीट चढवलं आणि त्यांचंच जाळं घेऊन फेकलं. मासा एक आला नाही, पण जाळं गोल पडलं. मनोहररावांनी विचारलं, कोणाची गा ही पोरगी? मी तुमचं नाव सांगितलं. जाळं फेकायला तुम्हीच शिकवलं होतं मला, काठावरून, डोंग्यात पाय ठेवू न देता.

मी हे काहून करते ते तुम्हाला माहीत आहे, फक्त आपण त्यावर कधी बोललो नाही. भांडणाच्या थोडं आधी, यंदाच्या महाशिवरात्रीला, तुम्ही तलावामधल्या टेकडीवर महादेवाला माणसं नेऊन सोडत होता. सहा माणसांच्या डोंग्यात अकरा जण बसले होते. मी काठावरून मोजले आणि गप्प बसले, कारण लोकांसमोर बापाला काय बोलायचं. टेकडीजवळ एक जण फोटो काढायला उठला, डोंगा कलंडला आणि दादाची पोर रितिका पाण्यात गेली. मी कयाक घेऊन पोचले तेव्हा तिचे केस तेवढे वर दिसत होते. केसांना धरूनच ओढली तिला. तुम्ही तिच्या पाठीवर थापा मारून पाणी काढलं आणि सगळ्यांना सांगितलं, कायी झालं नाही, पोरगी भिजली फक्त. पण घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. आणि पुढच्या सोमवारी परत अकरा बसवले. त्या दिवशी मी मोजून गप्प बसले, ही माझी चूक. सात वर्षांची पोर गेली असती तर आपण दोघांनीही मिळून घालवली असती. आता मी गप्प बसणार नाही, तुम्ही जन्मभर बोलला नाहीत तरी.

उद्या-परवा तुमच्या नावाने ऑफिसातून रजिस्टर पाकीट येईल. त्यात नोटीस आहे. विनानोंदणी डोंगा, कालच्या तारखेपासून पंधरा दिवसांत नोंदवावा, नाहीतर पाण्याबाहेर काढला जाईल. खाली सही माझी आहे. पोस्टमनच्या हातून कळण्याआधी माझ्या हातून कळावं, म्हणून हे पत्र आजच्याच बसने गावी पाठवते. यादीतून तुमचं नाव गाळता आलं असतं, कोणी विचारलंही नसतं. मी ते सगळ्यांत आधी लिहिलं. सोबत तुमचा अर्ज भरून पाठवला आहे, फक्त तुमची सही राहिली आहे. तुम्ही या, रांगेत मी उभी राहते. नाहीच आलात, तर सोळाव्या दिवशी श्रावणाचा पहिला सोमवार आहे, टेकडीवर जायला माणसं काठावर जमतील. तेव्हा डोंगा ओढायला मी कोणाला पाठवणार नाही. मी स्वतः येईन. त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही.

तुमचीच, तुम्ही नाही म्हणालात तरी,
पिंकी