अरविंदराव ओरडत नाहीत

द्रोणागिरी, रविवार

तीर्थस्वरूप कमळाकरदादा यांच्या चरणी धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे बाबासोचा, गुडघा धरल्यामुळे अर्ध्यातूनच नमस्कार.

पत्र आलं म्हणून घाबरू नका, इकडे कुणी गेलेलं नाही. प्रेमलावहिनींचा खोकला कसा आहे? ऑपरेशन झालेला तुमचा डोळा आता दुसऱ्या डोळ्याशी जुळवून घेतो का? आमच्याकडे सगळे बरे. लेक अक्षता बेलापूरला एका वकिलाच्या ऑफिसात लागली आहे. (वकील तिला मॅडम म्हणतात. घरी चहाचा कप मीच उचलतो, त्यामुळे मलाही आता तसं म्हणायची सवय लागत चालली आहे.)

पत्रास कारण आमच्या ड्रायव्हिंगच्या शाळेत घडलेला प्रकार. शाळा म्हणजे काय ते तुम्ही पाहिलं नाही म्हणून सांगतो: कंटेनर यार्डाच्या मागचं मोकळं मैदान, एक म्हातारा ट्रेलर, खुणेला मांडलेली सहा पिंपं आणि मी. ट्रेलर पुढे कुणीही चालवतं. मागे घेताना मात्र स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की शेपूट डावीकडे जातं, आणि ही गोष्ट माणसाच्या डोक्यात ओरडल्याशिवाय शिरत नाही, असं माझं सत्तावीस वर्षांचं मत होतं. या वर्षी नमिता नावाची एक बाई शिकायला आली. इथल्याच गावची. एका गोदामात ट्रेलरवर बाई ड्रायव्हर घ्यायला मालक तयार होता, पण लायसन्स या महिन्यात आणलं तरच. ती परीक्षेत दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा मागे घेतानाच. मग एक दिवस पिंप चेपलं, मी नेहमीप्रमाणे सुरू झालो, आणि ती खाली उतरून म्हणाली, "सर, तुमी वरडता तवा मना डावा-उजवा कलत नाय. आता वरडलाव ना, तर मी उद्यापासून नाय येनार." म्हणजे ती हातची नोकरी सोडायला तयार होती, पण माझा आवाज ऐकायला नाही.

हे मी घरी जेवताना अक्षताला सांगितलं, ते तिने माझी बाजू घ्यावी म्हणून. तिने ताट बाजूला सारून मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. ती एक गेम खेळते. त्यात आपणच एक माणूस व्हायचं, गुरूकडे राहायचं, शिकायचं, मग जगभर हिंडायचं. गुरूचं नाव काहीतरी ओर्वेन्द वगैरे आहे, मी अरविंदराव म्हणतो. एका डोळ्याने अधू, दाढी पांढरी, चेहरा असा की वीजबिल आलंय की लग्नपत्रिका, काही कळू नये. ते आपल्याला पाण्याने भरलेली घागर घेऊन वाऱ्यातून एका अरुंद दगडी पुलावरून पाठवतात. मी पडलो. दादा, मी एक्केचाळीस वेळा पडलो. प्रत्येक वेळी जाग येते ती अरविंदरावांच्या शेकोटीशी. ते एका दगडावर बसलेले असतात, आपण आलो की थोडे सरकतात आणि बसायला जागा देतात. बस. हसत नाहीत, रागावत नाहीत, धीरही देत नाहीत. तेविसाव्या पडण्यानंतर फक्त एवढं म्हणाले (इंग्रजीत, अक्षताने सांगितलं) की वारा डावीकडून येतो.

एवढ्याशा सरकण्याचं मला काय झालं ते सांगता येत नाही. पडलेल्या माणसाला आपण पडल्याची बातमी द्यावी लागत नाही, ती त्याला सगळ्यांच्या आधी कळलेली असते. मी मात्र सत्तावीस वर्षं तीच बातमी मोठ्याने वाचून दाखवत होतो. अक्षता म्हणाली, "पप्पा, सगळ्यांना तो आवडतो, कारण त्याला आपली घाई नसते." मी म्हटलं, त्याला डिझेल कुठे भरावं लागतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी ओरडणं बंद केलं.

परिणाम लगेच दिसले. विपुल नावाच्या शिकाऊ पोराने ट्रेलर शेजारच्या कुंपणाच्या भिंतीत चार फूट आत घातला. विचारलं तर म्हणतो, "सर, तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून मला वाटलं बरोबर चाललंय." (ती भिंत आम्ही दोघांनी दोन रविवार बांधली. विपुलला थापीकाम चांगलं जमतं, गाडीपेक्षा.) तिसऱ्या दिवशी मी इतका शांत बसलो, की त्याच्याबरोबर शिकणाऱ्या सुगतने गाडी थांबवून मला दोन्ही हात वर करायला लावले, जीभ काढायला लावली आणि स्वतःचं नाव विचारलं. त्याच्या काकांना असाच झटका आला होता म्हणे. नमिता तेवढी रोज येत राहिली, आणि पिंपं चेपत राहिली.

परीक्षेच्या दिवशी मी दोरीबाहेर बाकावर बसलो. पहिल्याच वळणाला तिचं शेपूट चुकीच्या बाजूला निघालं. माझ्या घशात शब्द आला, तो मी चहाबरोबर गिळला. ती थांबली. खाली उतरली, सावकाश अख्ख्या ट्रेलरभोवती फिरून आली, पुन्हा चढली, गाडी थोडी पुढे घेतली आणि एका दमात पिंपांच्या मधोमध नेऊन लावली. परीक्षा घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांनी कागदावर सही केली. ती माझ्याकडे आली तेव्हा मी थोडा सरकलो आणि तिला जागा दिली.

"नको सर," ती म्हणाली, "बाकाचा रंग ओला हाय."

मग म्हणाली, "तुमी आतल्या आत वरडत होता, मना दिसत होता. पन बाहेर नाय काढला." एवढ्या वर्षांत मला मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र. पँटवर हिरवे पट्टे आले आहेत, ते रॉकेलनेही जात नाहीत. सोमवारपासून ती कामावर जाते आहे.

वहिनींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा,
बाबासो

ता. क. – ही शांती मी कुठे शिकलो, असं नमिताने सगळ्यांसमोर विचारलं. कॉम्प्युटरमधल्या माणसाकडून, हे या वयात सांगवेना. म्हणून तुमचं नाव सांगितलं. आमच्या दादांनी मला शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही, असं म्हणालो. तेव्हा येत्या रविवारी विपुल, सुगत, नमिता आणि अक्षता तुमच्या दर्शनाला गावी येत आहेत, शाल-नारळ घेऊन. अकरा ते एक कृपा करून काहीही बोलू नका. डॉक्टरांनी घशाला विश्रांती सांगितली आहे, असं वहिनींकडून सांगवा.

आणखी एक – खंबाटकी घाटात गिअर अडकवला म्हणून तुम्ही मला कॉलर धरून खाली उतरवलंत आणि चालत ये म्हणालात, ते तुम्हाला आठवत असेल. मी रडत निघालो, तर दुसऱ्याच वळणावर तुम्ही गाडी कडेला लावून माझी वाट बघत बसला होता. मी दिसल्यावर ‘एवढा वेळ?’ म्हणून सुरू झालात, ते साताऱ्यापर्यंत थांबला नाहीत. त्या वळणाचं मी या चौघांना काही सांगितलेलं नाही. तेवढं तुम्हीही सांगू नका.