रिकामी दिसणारी कुपी

तीर्थरूप भाऊजींना, कंबर वाकेल तितका नमस्कार. (प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून बसून ती आता फारशी वाकत नाही, तेव्हा उरलेला नमस्कार मनातून.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा खोकला? चारही चिरंजीवांनी घराच्या भिंती अजून शाबूत ठेवल्या आहेत ना? आई सध्या तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र मुद्दाम तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे.

तर भाऊजी, मी सुटलो! कशातून, ते ऐका. मी काय काम करतो असं कुणी विचारलं की तुम्ही 'औषधांचं काहीतरी' असं सांगून वेळ मारून नेता, त्याबद्दल तुमचे उपकारच आहेत. पण आज नीट सांगणं भाग आहे. मूल न होणाऱ्या पुरुषांचं नेमकं घोडं कुठे अडतं, ते आम्ही शोधतो. त्यासाठी नुकतंच एक प्रथिन मागवलं. बाईच्या अंड्याच्या आवरणावर असतं ना, अगदी तेच, पण त्यात बाईचा हात नाही. माणसाचा जनुक भलत्याच पेशींत घालून त्यांच्याकडून ते तयार करून घेतात. (दुसऱ्याच्या चुलीवर आपलं आधण ठेवण्यातला प्रकार.) धडधाकट शुक्राणूंना हे प्रथिन भेटलं, की अंडंच भेटलं असं समजून ते डोक्यावरची टोपी उडवतात. हो, त्यांना खरोखर बारीकशी टोपी असते. ती उडाली तर माणूस ठीक, नाही उडाली तर काळजी.

आता हे प्रथिन येतं कोरडं, आणि इतकं थोडं की कुपी रिकामीच दिसते. आमच्या भांडारवाल्याने ती उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली आणि रिकामी कुपी ताब्यात घ्यायला साफ नकार दिला. त्याची समजूत घालण्यात सकाळ गेली. तेवढ्यात निरोप आला, की नमुना देणारा नेहमीचा माणूस, म्हणजे समोरच्या इमारतीतला लिफ्टवाला (तिघांचा बाप, आमच्या संशोधनाचा आधारस्तंभ), तापाने फणफणला आहे. आमच्या प्रमुख मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत पुरुष मी एकटा. पुढचं तुम्ही समजून घ्या. नमुना घेऊन मी परत आलो, तेव्हा कामावरच्या दोघी मुली सूक्ष्मदर्शकात फारच मन लावून पाहत होत्या, आणि त्यात काचपट्टीच नव्हती. अशा वेळी माणूस घाई करतो. मी कुपी उघडली, ठरलेलं द्रावण घातलं, ते नमुन्यात मिसळलं आणि पाहत बसलो. एकही टोपी उडेना. वारा सुटल्यासारखे सगळे टोप्या गच्च धरून फिरत होते.

पायांखालची जमीन सरकली हो. लग्नाला सहा वर्षं झाली. दर रविवारी आईचा फोन येतो आणि जे काही विचारायचं, सुचवायचं, सुनावायचं ते सगळं हिलाच, काढेही हिलाच. घरी येऊन हिला सांगितलं आणि ढसाढसा रडलो. हिने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि मग हळूच विचारलं, "आता तरी आईंना सांगू का?" मी मान डोलावली. संध्याकाळी ही पोळ्या लाटताना गुणगुणत होती, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी प्रयोगाची झाडाझडती घेतली. माझं द्रावण तपासलं, तर त्यात प्रथिन नावालाही नाही! त्यांनी कुपीचं झाकण उजेडात धरलं. आतून पुसट पांढुरका थर. सगळा ऐवज प्रवासात उडून झाकणाला चिकटला होता. उघडण्याआधी कुपी यंत्रात गरगर फिरवून तो तळाशी आणायचा असतो. हे नव्या लोकांना मीच शिकवतो, आणि त्या दिवशी लाजेपायी मीच विसरलो. मॅडम जे बोलल्या ते ऑफिसच्या पत्त्यावरही लिहिण्याजोगं नाही. मग कुपी रीतसर फिरवली, पुन्हा नमुना झाला (दोघींना आधीच चहाला पिटाळलं होतं), आणि काय सांगू भाऊजी, पटापट टोप्या उडाल्या! छातीवरचा धोंडा उतरला. मी स्टुलावर बसून एकटाच हसत सुटलो. ही बातमी पोटात ठेवणं मला जमेना, म्हणून तुम्हाला लिहिलं.

तुमचा धडधाकट मेहुणा

ता. क. मॅडमना खात्रीचा आणखी एक माणूस हवा आहे. एकट्या लिफ्टवाल्यावर किती भार टाकायचा? मी ताईला फोनवर एवढंच विचारलं होतं, की ओळखीत कुणी चारेक मुलांचा बाप आहे का. तिने तुमच्या वतीने होकार देऊन टाकला आहे. सवड काढून या.

ता. क. दुसरा, आणि खरा. धावत घरी जाऊन हिला सगळं सांगितलं. हिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. मग म्हणाली, "म्हणजे परत माझ्यावर आलं." त्याआधीच्या रविवारी काय झालं होतं, ते मला तेव्हा कळलं. हिने माझी बातमी सांगितल्यावर आईने हिला विचारलं, तू जेवलीस का. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा भाऊजी, हात जोडून विनंती, या पत्रातलं अक्षरही आईच्या कानावर जाऊ देऊ नका. तिच्या लेखी मी बिघडलेलाच बरा. परवाच्या रविवारी फोन माझ्यासाठी होता. आईने एक काढा सांगितला आहे, रोज दोन वेळा. घेतो आहे. इतका कडू असेल असं हिच्याकडे पाहून कधी वाटलं नव्हतं.