आबांची नखं

रुआबांधा, भिलाई
१२ जानेवारी २०२४

चि. सौ. गुंजन हिस आबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे खोकला सोडून सर्व ठीक आहे. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तू घाई करतेस, म्हणून लिहून राहिलो.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की समुद्रातल्या घाणीचं विष कासविणीच्या अंगात साठतं आणि अंड्यात उतरतं. तेव्हापासून झोप नाही. मी जन्मभर पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीच्या धुरात राबलो. ड्यूटीवरून आलो की तू लहानपणी त्याच कपड्यांवर मांडीत बसायचीस. आता तुला सहावा लागला. माझ्या अंगातलं तुझ्यात आणि तुझ्यातलं बाळात उतरलं असेल तर?

कासवाच्या पाठीचं थोडं खरवडून तपासता, आणि पाठ म्हणजे आपल्या नखासारखीच, हेही तूच लिहिलंस. म्हणून सोबत माझी नखं आहेत. उजव्या हाताची पुडी वेगळी बांधली, काम त्यानंच जास्त केलं. शेजारचा शामराव म्हणतो, म्हातारा पागल होऊन राहिला. त्याची नखं मी मागितली नाहीत.

कासवांच्या आधी माझा नंबर लाव. जिवाला जप.

तुझा आबा

गंजाम, ओडिशा
२ फेब्रुवारी २०२४

ती. आबांस सा. न. वि. वि.

पुड्या पोचल्या. आमच्या मॅडमनी उघडून कोणत्या जातीचं कासव म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं.

आमच्या यंत्रात माणसाची नखं घालता येत नाहीत. घातली तरी नखात मागच्या काही महिन्यांचंच सापडतं. तुम्ही कधीचे रिटायर झालात, त्यामुळे आजीच्या भाजीची हळद तेवढी निघेल.

सोनोग्राफीत बाळ नीट आहे. त्यापुढचं मी छातीठोक सांगू शकत नाही, कासवांचंही नाही. यंदाची पिल्लं मोठी होऊन अंडी घालायला येतील तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली असेन. घाणीनं त्यांची संख्या घटली का, ते तेव्हा कुठे कळू लागेल. तोवर कासव परत आलं की तपासायचं. जे परत येत नाही, त्याच्याबद्दल आम्हाला काहीच सांगता येत नाही.

तुम्ही खोकला दाखवायला दवाखान्यात शेवटचे कधी गेलात? आजी म्हणते, माझ्या लग्नाआधी. नखं पोस्टानं पाठवता आणि छाती दाखवत नाही.

तुमची माया आहेच, पुढच्या वेळी पत्रासोबत दवाखान्याचा रिपोर्टही यावा.

आपली गुंजन

रुआबांधा, भिलाई
२० मे २०२४

चि. सौ. गुंजन हिस आशीर्वाद. वि. वि.

मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप, हे ऐकून आजीनं मोहल्ल्यात जिलेबी वाटली. शामरावनं दोनदा घेतली.

दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला. जुने डाग आहेत म्हणे, पण वाढताहेत का हे एका फोटोवरून कळत नाही, पुढच्या वर्षी परत या. मी म्हणालो, माहीत आहे, माझी नात कासवांचं हेच करते. त्यानं कोणती कासवं म्हणून विचारलं, तर मी सगळं समजावलं. बाहेरची लाइन ओरडू लागली.

निघताना त्याला सांगितलं, मी आलो नाही तर माझ्याबद्दल तुम्हाला काहीच सांगता येणार नाही. त्यानं पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहून दिली. जाईन. त्याच्या पुढच्या वर्षीही जाईन. तू चाळिशी ओलांडलीस की कासवांचा निकाल मला कळव.

बाळाला आशीर्वाद. तिची पहिली नखं फेकू नको. पुढच्या नखांशी ताडून पाहायला लागतील.

तुझा आबा